वेगळं नाव ठेवताय? आधी त्याचा अर्थ असा तपासा

बारशाला चार दिवस उरले की ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो. "नाव ठरलंय, फक्त अर्थ तेवढा बघून द्या." नाव कानाला गोड वाटलेलं असतं, पाळण्यामागच्या फलकावर ते लिहायला दिलेलं असतं, आणि आता त्याला शोभेलसा अर्थ हवा असतो. तो इंटरनेटवरच्या याद्यांत मिळतोही. तिथे निम्म्या नावांचा अर्थ 'सूर्याचा किरण', उरलेल्यांचा 'विष्णूचा अंश' किंवा 'देवाची देणगी'.

'आरव'चंच बघा. कित्येक याद्यांत त्याचा अर्थ 'शांत' दिलाय. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजे मोठा आवाज, गर्जना, कल्ला. कोंबडा आरवतो ते ह्याच धातूवरून. शांत असेल तो 'नीरव'. नाव वाईट नाही, घरात मूल आलं की कल्ला होतोच. पण आईबाप वीस वर्षं लोकांना उलटा अर्थ सांगत राहतात, आणि एक दिवस मुलाचे संस्कृतचे शिक्षक वर्गात खरा अर्थ सांगतात.

हे टाळायला पंडित असावं लागत नाही. दोन संध्याकाळी आणि पुढचा क्रम पुरे. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक चुका तिसरा टप्पा पहिल्यांदा केल्यामुळे होतात.

## तयारी

एक वही घ्या. मनातली नावं पाच-सहाच ठेवा, पन्नास नावांची यादी कुणीच तपासत नाही. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: ते कुणी सुचवलं आणि त्या माणसाने ते कुठे ऐकलं. मालिकेत, परदेशातल्या शेजाऱ्याकडे, आजीच्या माहेरी, की यादीत? पुढे भाषा ठरवताना ही नोंद कामाला येते.

पत्रिकेतल्या चरणाक्षरावरून नाव ठेवायचं असेल तर ते अक्षर आत्ताच बघून घ्या. २७ नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, अशी १०८ अक्षरं आहेत, पण सगळ्यांवरून नाव होत नाही. आर्द्रेच्या वाट्याला 'ङ' येतो, हस्ताच्या वाट्याला 'ण', उत्तराभाद्रपदेच्या वाट्याला 'ञ'. ह्या अक्षरांनी सुरू होणारं नाव शोधायला गेलात तर बनावट शब्दच हाती लागेल. जुन्या लोकांनी ह्यावर सोपी तोड काढली होती. नावरस, म्हणजे चरणाक्षरावरून आलेलं, नाव पत्रिकेत राहायचं आणि व्यवहाराचं नाव वेगळं असायचं. ती तोड आजही चालते.

पडताळा: वहीतलं प्रत्येक नाव कुणी आणलं ते लिहिलंय का? 'कुठेतरी वाचलं' असं असेल तर तेच लिहा. ते नाव सगळ्यात कसून तपासायचं आहे.

## टप्पा १: नाव देवनागरीत नक्की करा

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचं सगळं चुकतं. नाव इंग्रजी अक्षरांत वाचलेलं असतं आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ, त-ट, न-ण असं काही कळत नाही. ए-एन-ए-वाय-ए हे पाच अक्षरांचं स्पेलिंग 'अनय', 'अनया', 'अनाया' ह्यांपैकी काहीही असू शकतं. संस्कृतात 'अनय' म्हणजे अनीती, दुर्दैव. 'इनाया' हा अरबी शब्द आहे, त्याचा अर्थ काळजी, जपणूक, आणि 'अनाया' पुष्कळदा त्याचंच बदललेलं रूप असतं. एका स्पेलिंगच्या पोटात इतकं अंतर.

म्हणून प्रत्येक नावाची संभाव्य देवनागरी रूपं एकाखाली एक लिहा आणि मोठ्याने म्हणा. ह्या जोड्या मुद्दाम लक्षात ठेवा:

- दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. म्हणून 'दिनेश' सूर्य आणि 'दीनानाथ' दीनांचा नाथ. 'दीनेश' लिहिलंत तर सूर्य मावळला.
- अनिल म्हणजे वारा, अनल म्हणजे अग्नी.
- अंश म्हणजे भाग, अंशु म्हणजे किरण. सूर्याला अंशुमान म्हणतात तो किरणांमुळे.
- तनया म्हणजे मुलगी. 'तान्या' हे 'तात्याना'चं रशियन लाडाचं रूप. दोन्ही चांगली, पण एकीचा अर्थ दुसरीला लावू नका.

सावधान: 'अंश' आणि 'अंशु' यांच्या गोंधळातून नावांचं एक पीकच आलं आहे. 'रेयांश'चा अर्थ 'सूर्यकिरणाचा अंश' असा सांगतात. संस्कृतात किरणाला रश्मी, अंशु, मरीची, मयूख असे भरपूर शब्द आहेत. किरण म्हणून 'रे' फक्त इंग्रजीत आहे. तेव्हा हा अर्थ खरा धरायचा तर नाव अर्धं इंग्रजी आणि अर्धं संस्कृत ठरतं. ठेवायचं तर खुशाल ठेवा, फक्त ते वेदांतलं आहे असं सांगू नका.

## टप्पा २: नाव कोणत्या भाषेतलं आहे ते ठरवा

यादीत शेजारी 'संस्कृत' लिहिलेलं असतं म्हणून नाव संस्कृत होत नाही. नावाचा मूळ गाव शोधायचा असतो, आणि तो बरेचदा आपल्या कल्पनेपेक्षा लांब निघतो.

'अनुष्का' हे 'आन्ना'चं रशियन लाडाचं रूप, आणि आन्ना मूळ हिब्रू, अर्थ कृपा. 'नताशा' नताल्यावरून, 'सोनिया' सोफियावरून. शेवटी '-शा' किंवा '-श्का' दिसलं की एकदा रशियाकडे नजर टाकावी. 'कियारा'ची गंमत वेगळी. आयरिश 'किआरा' ज्या शब्दावरून आली त्याचा अर्थ काळा, सावळा. इटालियन 'किआरा' लॅटिन 'क्लारा'वरून आली, अर्थ उजळ, स्वच्छ. उच्चार जवळजवळ एक आणि अर्थ नेमके उलटे. त्यामुळे नाव कुठून उचललं हे ठाऊक नसेल तर अर्थ सांगताच येत नाही. तयारीतली नोंद इथे उपयोगी पडते.

उलटही घडतं. नाव अगदी आपलं वाटतं पण पाहुणं निघतं. 'मिहिर' म्हणजे सूर्य, वराहमिहिराच्या नावात तो आहेच. पण हा शब्द संस्कृतात इराणकडून आला, तिकडच्या 'मिह्र'वरून. आपल्या मराठी सरदारांच्या घराण्यांत तर फारसी-अरबी शब्दांची रेलचेल. 'दौलतराव'मधली दौलत अरबी. 'हैबतराव'मधली हैबतही अरबी, अर्थ दरारा, धाक. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा. वारकऱ्यांच्या तोंडी इतकं रुळलेलं नाव, आणि त्याचं मूळ अरबी. ह्यात लाजण्यासारखं काहीच नाही. उलट असली नावं तपासायला सोपी, कारण ती खरी, वापरातली आहेत.

कोकणातल्या बेने इस्रायल ह्या ज्यू समाजाने ह्याहून सुंदर काम केलं. हिब्रू नावाला थेट मराठी 'जी' जोडला. मुंबईत मांडवीला १७९६ साली शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर मराठीत 'सामाजी हसाजी दिवेकर' होते. 'सामाजी' हे नाव समोर आलं तर आपण 'समाज'कडे किंवा 'साम'वेदाकडे धावलो असतो, आणि साफ चुकलो असतो.

गोव्यात 'झेवियर' हे नाव ऐकून कुणाला ते लॅटिन वाटेल. ते बास्क भाषेतल्या 'एचे बेरी'वरून आलंय, अर्थ 'नवं घर'. संत फ्रान्सिस झेवियर ज्या किल्ल्यात जन्मले त्या ठिकाणाचं ते नाव. म्हणजे मूळ एका जागेचं नाव, ते आडनावासारखं चिकटलं आणि पुढे बाप्तिस्म्याचं नाव झालं. 'कायतान'चंही तसंच: 'कायतानो' म्हणजे इटलीतल्या गाएता गावचा.

पडताळा: भाषा ठरवलीत ती कशाच्या आधारावर? 'वाटतं तसं' हा आधार नव्हे. पुरावा नसेल तर भाषेच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून पुढे चला.

## टप्पा ३: योग्य कोश उघडा, आणि नीट वाचा

आता कोश. भाषेप्रमाणे कोश बदलतो, म्हणून हा टप्पा तिसरा.

संस्कृत वाटणाऱ्या नावासाठी वामन शिवराम आपटे यांचा कोश किंवा मोनिअर-विल्यम्सचा. दोन्ही कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. जुन्या मराठी नावासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर आहेत. 'हैबत', 'दौलत' असल्या नावांसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश. गावच्या जुन्या वाचनालयात तो धूळ खात पडलेला असण्याची शक्यता चांगली.

कोशात शब्द सापडला की लोक पहिला आवडता अर्थ उचलतात आणि वही मिटतात. इथेच थांबून तीन गोष्टी बघा.

अ) अर्थ कुठे वापरला आहे. मोनिअर-विल्यम्समध्ये प्रत्येक अर्थापुढे ग्रंथाची खूण असते. ज्या अर्थापुढे नुसतं 'एल' हे इंग्रजी अक्षर आणि टिंब आहे, तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी नोंदलेला आहे, वाङ्मयात प्रत्यक्ष वापरलेला मिळालेला नाही. 'इरा' घ्या. याद्या म्हणतात 'सरस्वती'. ऋग्वेदात इरा म्हणजे पेय, पोषण करणारं अन्न, तजेला. सरस्वती हा अर्थ आहे, पण तो ह्या 'एल'च्या खुणेसह. माझं मत विचाराल तर वैदिक अर्थच जास्त गोड आहे. तहानेल्याला मिळालेला घोट!

आ) शब्द फोडून बघा. नाव जसंच्या तसं कोशात नसेल तर उपसर्ग आणि प्रत्यय सुटे करा. 'मृण्मयी'चा अर्थ काही याद्यांत 'हरणासारखे डोळे असलेली' असा मिळतो. कुणीतरी 'मृग' पाहिला आणि पुढचं मनाने रचलं. फोड आहे मृद् + मयी, म्हणजे मातीची, मातीने घडलेली. एक प्रत्यय कळला की चार नावं उलगडतात: चित् + मय चिन्मय, तत् + मय तन्मय, आणि हिरण्य म्हणजे सोनं, त्यावरून हिरण्मयी. हिरण्मयीतही हरीण नाही. तो हिंदी 'हिरन'चा भास आहे. श्रीसूक्तात लक्ष्मीला 'हिरण्मयीं' म्हटलंय ते सोन्यासारखी म्हणून. नाव जुन्या ग्रंथात असं सापडलं की तपास तिथेच पक्का होतो.

'वैदेही'चा अर्थ 'देहाच्या पलीकडची' असा मोठ्या भक्तिभावाने सांगतात. ती विदेह देशाची राजकन्या, म्हणून वैदेही. जशी केकय देशाची कैकेयी.

इ) शब्द नाम आहे की विशेषण, पुल्लिंगी की स्त्रीलिंगी. 'स्वर'चं 'स्वरा' असली नावं घडवलेली असतात. घडवणं गुन्हा नाही, फक्त 'स्वरा म्हणजे अमुक देवी' असं पुढे जोडू नका.

सावधान: एकाच नावाला एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार गोंडस अर्थ दिलेले दिसले, आणि शेजारी शुभ अंक आणि शुभ रंगही असला, तर ते पान बंद करा. खऱ्या शब्दाचे अनेक अर्थ एका धाग्यातून निघालेले असतात.

## टप्पा ४: नावामागचं माणूस तपासा

शब्दाचा अर्थ आणि त्या नावाच्या पात्राची कथा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'धृतराष्ट्र' म्हणजे राष्ट्र धारण करणारा. अर्थ उत्तम, पण नाव कोण ठेवतो? 'विभीषण'चा शब्दार्थ भयंकर, आणि माणूस मात्र रामाच्या बाजूचा. महाभारत-रामायणातून किंवा पुराणांतून नाव घेत असाल तर चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश उघडून ते पात्र पुढे काय करतं ते वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. तेच नाव तीन-चार वेगवेगळ्या पात्रांचंही असतं. कोणत्या पात्रावरून ठेवलं ते वहीत लिहून ठेवा, मूल मोठं झालं की विचारणारच.

## टप्पा ५: घरातलं जुनं नाव असेल तर कोश मिटा

पणजोबांचं नाव पुढे चालवायचं आहे, किंवा वंशावळ लिहिताना ते विचित्र वाटतंय. धोंडू, दगडू, भिकाजी, केरबा, उकर्डा. अशा नावांचा अर्थ कोशात बघितला तर धोंडा, भीक, केर, उकिरडा हेच मिळणार आणि तुम्ही ओशाळणार. इथे विचारायचं ते नाव कोणत्या प्रसंगात ठेवलं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला मुद्दाम हलकं नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची, वाईट नजरेची त्याच्यावर वासना जाणार नाही. नाव ओबडधोबड होतं कारण मूल फार हवंहवंसं होतं.

घरातल्या थोरांना विचारताना हा क्रम ठेवा: आधी त्या माणसाच्या भावंडांबद्दल विचारा, मग जन्माच्या काळाबद्दल, नावाबद्दल शेवटी. "आजी, पणजोबांना धोंडू का म्हणायचे?" असं थेट विचारलंत तर "असंच" हे उत्तर येतं. "त्यांच्या आधी किती मुलं झाली होती?" असं विचारलंत की गोष्ट बाहेर येते.

धोंडूच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासा. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंडा महिना म्हणतात. जन्मतारीख माहीत असेल तर जुनं पंचांग काढून तो अधिक मास होता का ते बघा. असेल तर नाव दगडावरून नव्हे, महिन्यावरून पडलेलं असू शकतं.

'बहिर्जी'बद्दल सर्रास होणारी चूक: बहिरा माणूस. बहिरी, बहिरोबा म्हणजे भैरव. घराण्याचं दैवत कोणतं ते विचारलं की उलगडा होतो. 'सटवाजी' तसाच सटवाईवरून, आणि सटवाई षष्ठीवरून, जी बाळाच्या सहाव्या रात्री येऊन कपाळी लिहून जाते.

सावधान: 'नकुशी', 'नकोशी' ही नावं वरच्या यादीत बसवू नका. तिथे प्रेम लपवलेलं नव्हतं, मुलगी खरोखरच नको होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून जास्त मुलींनी हे नाव टाकून नवं घेतलं. घरात अशी आजी किंवा आत्या असेल तर तिच्या नावाचा 'अर्थ' चारचौघांत विचारू नका.

## टप्पा ६: कानाची परीक्षा

अर्थ पक्का झाला, आता तो मराठी कानाला कसा लागतो ते बघा. हिंदी पट्ट्यात 'शिक्षा' हे मुलीचं नाव आहे, अर्थ शिक्षण. मराठी शाळेत हजेरी घेताना 'शिक्षा' पुकारलं की काय होईल ते सांगायला नको. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे टिंगल. 'कली' तिकडे कळी, इकडे कलियुग.

नाव आडनावासह आणि वडिलांच्या नावासह मोठ्याने म्हणा. मग घरातल्या सगळ्यात बेरकी दहा वर्षांच्या पोराला द्या आणि म्हणा, "ह्याचं चिडवायचं नाव काढून दाखव." तो दोन मिनिटांत काढतो. ते सहन होण्यासारखं असेल तर नाव पास.

मूल परदेशात वाढणार असेल तर तिथल्या माणसाकडून ते वाचून घ्या. 'स्मित'चा स्मिथ होतो.

## टप्पा ७: लेखन ठरवा, मगच नोंदवा

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्यात बाळाचं नाव तेव्हाच द्यावं लागतं असं नाही. नावाविना नोंद होते. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बरेच लोक दवाखान्यातला फॉर्म भरायच्या घाईत नाव लिहून टाकतात आणि तपास नंतर करतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हा पंधरा दिवस उशीर झाला तरी चालेल, नाव नक्की करूनच घाला.

फॉर्म भरण्याआधी एका कागदावर देवनागरी आणि इंग्रजी लेखन मोठ्या अक्षरांत लिहा, आणि दोघा पालकांनी त्यावर सही करा. हसू नका, इथे खूप घरं चुकतात. आईने 'ऋचा'साठी मनात मराठी उच्चार धरून आर-यू धरलेलं असतं, बाबा हिंदीच्या सवयीने आर-आय लिहितात. 'ज्ञ'चं तेच. मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो आणि हिंदी पट्टा जी-वाय. दोन्हींतलं एक निवडा आणि ते सगळीकडे ठेवा.

दाखला हातात पडला की खिडकीवरून हलण्याआधी वाचा. देवनागरी ओळ आधी वाचा, कारण घरी गेल्यावर सगळे इंग्रजीच बघतात आणि 'दिनेश'चा 'दीनेश' झालेला पाचवीच्या प्रवेशाला कळतो. लेखनातली चूक निबंधकाकडे अर्ज करून दुरुस्त होते. पण "आता अर्थ आवडत नाही" ही चूक धरली जात नाही. त्यासाठी राजपत्रात नाव बदलण्याची वेगळी वाट आहे.

आणि वही फेकू नका. शेवटच्या पानावर नाव, त्याची भाषा, कोशातला अर्थ आणि ते कुणी सुचवलं एवढं लिहा, खाली तारीख घाला आणि ती दाखल्याच्या फाइलमध्येच ठेवून द्या. नाव घडवलेलं असेल तर 'आम्ही घडवलं' असं स्वच्छ लिहा.